अष्टमीचा भांग आणि नवशीचं खळं

हंसाचं घर डहाणूच्या किनाऱ्याला इतकं लागून आहे की भरतीला पडवीत बसल्या बसल्या पाय धुता येतात, असं ती तलासरीच्या बाजारात गिऱ्हाइकांना सांगते. हे खोटं आहे. मधे डांबरी रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे जानीचं घर आहे. पण सुके बोंबील विकणाऱ्या बाईने समुद्र थोडा जवळ ओढला की माल ताजा वाटतो, आणि हंसा पंचवीस वर्षं माल विकते आहे.

तिचा नवरा चिमण बोटीवर तांडेल. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे तो ठरवतो आणि खलाशी ऐकतात. घरात तो स्वतः खलाशी आहे. मुलगा स्वप्निल घोलवडला चिकूच्या पेट्या रवाना करायच्या कामावर असतो. दिवसभर फोनवर ‘गाडी निघाली का, माल पोचला का’ करून करून त्याला घरच्या माणसांनाही पेट्यांसारखं हलवायची सवय लागली आहे. त्याची बायको रुपल उंबरगावकडची. रागावली की गुजराती बोलते, त्यामुळे सासूला तिचा राग नेमका कळतो.

आणि जयवंती. हंसाची मोठी जाऊ. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हापासून बोंबलांची राखण तिच्याकडे. बांबूच्या मांडवावर बोंबील जोडीजोडीने लटकलेले असतात, खाली कुत्री, वर कावळे, आणि मधे काठी घेऊन जयवंती. लग्न असो, साखरपुडा असो, घर निघालं की ती म्हणायची, “तुम्ही जा, मी हाय.” विवळवेढ्याची महालक्ष्मी काही अमेरिकेत नाही. पण तिथल्या जत्रेलाही ती शेवटची गेली तेव्हा तिचा धाकटा मुलगा कडेवर होता. आता त्या मुलाला स्वतःची मुलगी आहे.

गेल्या हिवाळ्यात स्वप्निलच्या डोक्यात पार्क शिरलं. तलासरीच्या पुढे, अच्छाडच्या अलीकडे, हायवेला लागून मोठं पार्क झालंय. आकाशपाळणा, आगगाडी, झुलणारी नाव, भुताचं घर, सगळं. त्याने एका संध्याकाळी घरातल्या अकराही माणसांना पडवीत बसवून जाहीर केलं की आपण जायचं, आणि हायवेवरच्या एका बजेट हॉटेलात राहायचं.

खरं म्हणजे डहाणूहून तिथे जायला तासभरही लागत नाही. पण स्वप्निलचं म्हणणं, मुक्काम केल्याशिवाय त्याला सहल म्हणत नाहीत. हंसालाही हे पटलं, वेगळ्या कारणाने. घरी आलं की बाईमाणसाची सहल उंबरठ्यावर संपते. चपला काढायच्या आत चूल दिसते.

“चार खोल्या,” स्वप्निल म्हणाला. “एका खोलीत तीन माणसं. गरम पाणी, टीव्ही, सकाळचा नाश्ता फुकट.”

“आणि जेवण?”

“जेवण बाहेर. आणि आई, आधीच सांगतो, बोंबील न्यायचे नाहीत.”

मागच्या वर्षीचं सगळ्यांना आठवलं. वापीकडच्या लग्नाला गेले असताना एका स्वस्तातल्या लॉजवर उतरले होते. मॅनेजरने हंसाच्या पिशवीचा वास घेतला आणि ‘मौसी, ये थैली बाहर रखो’ म्हणून ती पार्किंगमध्ये ठेवायला लावली. अर्ध्या तासात दोन कुत्र्यांनी पिशवी साफ केली. हंसा वरच्या खिडकीतून बघत होती. त्या अख्ख्या लॉजमध्ये मालाची कदर त्या दोघांनाच होती, असं ती अजून सांगते.

जयवंतीने तेवढ्यात पदर सावरला. “तुम्ही जा. मी हाय.”

“राखण कसली करणार वयनी?” हंसाने विचारलं. “अष्टमीला निघू, तेव्हा मांडव रिकामे असतात. बांबू पळवतंय का कोणी?”

“मला नाय जमत गं तसल्या ठिकाणी. पाणी प्यायचं तर घंटी वाजवायची. कोणी येऊन आपला वास घेऊन जायचं.”

हंसाने निकाल दिला. “गेलो तर अकरा जाणार. नायतर कोणीच नाय. आणि हॉटेल रद्द.”

“मग झोपायचं कुठे? रस्त्यावर?”

“नवशीच्या खळ्यात.”

नवशी ही हंसाची बाजारातली सर्वांत जुनी गिऱ्हाईक. पार्कच्या मागच्या बाजूला तिचा पाडा. भात झोडून झालं की पौषात तिचं खळं मोकळं पडतं. शेणाने सारवलेलं, तळहातासारखं सपाट. नवशी दर बाजाराला म्हणायची, ये गं एकदा, आणि हंसा दर बाजाराला म्हणायची, येते. वीस वर्षं झाली या बोलण्याला.

स्वप्निल रागाने लाल झाला. मित्रांना काय सांगू, खळ्यात झोपलो? “करा तुमचं तुम्ही. मला काही विचारू नका.” आणि तो खरोखर काही बघेना, काही चौकशी करेना. पुढे जे घडलं त्यात या रुसव्याचा वाटा अर्धा होता.

बाकीचा अर्धा वाटा समुद्राचा. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, जाळी भरतात. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं. त्याला भांग म्हणतात. भांगाचे तीन-चार दिवस जाळं टाकून उपयोग नसतो, बोटी उभ्या, मांडव मोकळे. म्हणून या किनाऱ्यावर साखरपुडे, दुखण्या-खुपण्याच्या डॉक्टरच्या वाऱ्या, नातेवाइकांची भांडणं, सगळं भांगात उरकतात. हंसाने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पौषातली अष्टमी शोधली, तिच्यावर हळदीचं बोट टेकवलं. अष्टमीला दुपारी निघायचं, नवमीला दिवसभर पार्क, संध्याकाळी घरी. त्या चौकोनात तिथीशेजारी वारही छापलेला असतो. तो या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी वाचलेला नाही. समुद्राला सोमवार-मंगळवार नसतो.

समोरच्या जानीला बातमी लागली. जानी आणि हंसा बाजारात शेजारी बसतात आणि एकमेकींचं गिऱ्हाईक फोडतात, त्यामुळे त्यांचं फार सख्य आहे. जानीच्या घरची बोटही भांगात उभीच. तिच्या मुलाने, मिथुनने, त्याच दिवसांसाठी तेच हॉटेल पक्कं केलं.

“आमची एसी खोली हाय,” जानी रस्त्यापलीकडून म्हणाली. “तुम्ही मांडव घालून बसणार म्हणे. लगीन कुणाचं?”

“तुझं लाव. मांडव आयता हाय,” हंसा म्हणाली.

अष्टमीला दुपारी मासळी वाहायचा टेम्पो निघाला. स्वप्निलने तो दोनदा साबणाने धुतला होता. आता त्याला साबणात बुडवलेल्या मासळीचा वास येत होता. मागे चिमणची सगळ्यांत मोठी ताडपत्री, जुन्या शिडाचं कापड, बांबू, दोरखंड, पातेली, गोधड्या, आणि दोन पिशव्या बोंबील-सोडे. जयवंती शेवटची चढली. चढताना तिने घराकडे तीन वेळा वळून बघितलं, चौथ्यांदा वळणार तोच हंसाने तिच्या मांडीवर नातीला बसवलं. विवळवेढ्याला गाडी थांबवून नारळ फोडला. जयवंती देवीपुढे इतका वेळ उभी राहिली की मागच्या माणसाला वाटलं ही तक्रार करते आहे.

नवशीचं खळं बघितल्यावर चिमण जागा झाला. घरात सांगितलं तेवढंच करणारा हा माणूस वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला, ओलं बोट वर धरलं आणि जयवंतीच्या दोन्ही मुलांना हुकूम सोडायला लागला. बोटीवर जशी बांधाबांध करतात तशी त्याने बांबूंना गाठ मारली, शिडाचं कापड उत्तरेकडून ताणलं, वर ताडपत्री, आणि कोंबड्या-कुत्र्यांसाठी चारी बाजूंनी जुनं जाळं. तासाभरात अकरा माणसांचं घर उभं. रुपलने आत जाऊन फोटो काढला, मग बाहेरून काढला. नवऱ्याच्या रुसव्याला वैतागून म्हणाली, “हॉटेल करतां सारुं छे,” म्हणजे हॉटेलपेक्षा हे बरं. स्वप्निल म्हणाला, मला काही विचारू नका.

“किती दिवस राहाल?” नवशीने विचारलं.

“उद्या संध्याकाळी जाऊ.”

“एवढ्यात?” नवशीला वाईट वाटलं.

नवमीला सकाळी सगळी वरात नटून पार्कच्या फाटकावर गेली. फाटक बंद. आत झाडूवाला निवांत झाडत होता. आकाशपाळणा गप्प उभा. रुपलने पाटी वाचली, आधी गुजरातीतली, मग खात्री करायला मराठीतली. मग सासूकडे न बघता म्हणाली, “मम्मी, आज मंगळवार छे. मंगळवारे बंध.”

अकरा माणसांना एकाच वेळी वार कळला.

स्वप्निलचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘मी सांगितलं होतं’ म्हणायची उत्तम संधी समोर होती आणि त्याने काहीच सांगितलं नव्हतं. त्याने ती तरीही घेतली. “झाली सहल. चला, गाडीत बसा. उद्या मला कामावर जायचंय, बाबांना एकादशीला पहाटे बोट काढायचीय. पुन्हा कधीतरी येऊ, नीट बुकिंग करून.”

चिमणने मान डोलावली. दशमीला जाळी बोटीवर चढवायची होती. पोरी रडायला लागल्या. जयवंती मात्र हंसाजवळ येऊन हळू आवाजात बोलली, जणू काही दुसऱ्याच कुणाबद्दल सांगते आहे. “जाऊ दे हंसा. मी बघितलं ना लांबून. पुन्हा यायला मला नको सांगूस. एकदा निघाले ते निघाले. दुसऱ्यांदा घरातून पाय नाय निघायचा.”

हंसाला ठाऊक होतं, हे खरं आहे. घर सोडायला या बाईने वीस वर्षं घेतली होती. आज टेम्पो डहाणूच्या दिशेला वळला, तर पुढचा भांग येईल, त्याच्या पुढचाही येईल, आणि जयवंती काठी घेऊन मांडवाखाली बसलेली असेल. पुढच्या वेळी तर हॉटेलच असेल.

“कोणी कुठे जात नाय,” हंसा म्हणाली. “उद्या उघडतंय ना? उद्यापर्यंत राहू.”

“राहू म्हणजे? कुठे?”

“जिथे राहिलोय तिथे. आपल्याला काय कोणी दहा वाजता खोली खाली करा सांगणार हाय?”

याचं उत्तर तेवढ्यात बॅगा ओढत समोरून आलं. जानी, मिथुन, त्याची बायको आणि मुलगा. हॉटेलची खोली एकाच रात्रीची होती. सकाळी दहाला रिकामी करून दिली, आणि आज रात्री सगळं हॉटेल एका लग्नाच्या वऱ्हाडाने घेतलेलं. जानीच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात नाश्त्यातून आणलेल्या ब्रेडच्या चार चकत्या, रुमालात बांधलेल्या. तिने पाटी बघितली. मग हंसाकडे. मग पुन्हा पाटी, जणू तिने नीट डोळे वटारले तर पाटी बदलेल.

“तुम्ही पण अष्टमीच बघितली?” हंसाने विचारलं.

“मग काय बघणार?” जानी म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि आधी हंसाला हसू फुटलं, मग जानीला.

“आम्ही घरी जातो,” मिथुन म्हणाला.

“जा की,” हंसा म्हणाली. “आख्खी आळी विचारेल, पार्क कसं होतं जानीबाय. सांग, फाटक चांगलं होतं.”

जानीने बॅग खाली ठेवली. “तुझ्या मांडवात जागा हाय का?”

“एसी नाय.”

“माझ्या खोलीचा तरी कुठे बंद होत होता. रातभर कुडकुडले.”

चिमणचा प्रश्न राहिला. हंसाने त्याला बाजूला घेतलं. “अवो, उद्या जाळी कोण चढवणार?”

“तेच म्हणतोय मी.”

“तेच मी विचारते. तुमचे खलाशी कशाला हायत?”

चिमणने फोन लावला आणि तांडेलाच्या आवाजात खलाशांना सांगितलं की मी कामात आहे, उद्या तुम्ही चढवा. कोणतं काम, हे विचारायची पलीकडे कुणाची छाती झाली नाही. स्वप्निलने रजेसाठी घोलवडला फोन केला तेव्हा त्याचा आवाज बराच वेगळा होता. पण रजा मिळाली.

पंधरा माणसं परत आलेली बघून नवशी खूश झाली.

“मंगळवारी नाही फिरत ते चाक,” ती म्हणाली.

“मग काल सांगितलं का नाहीस?” हंसा ओरडायच्या बेतात होती.

“मला काय माहीत तुम्ही चाकासाठी आलात? मला वाटलं माझ्याकडे आलात.”

बाजारात हंसाला असं कोणी कधी हरवलं नव्हतं. ती चुलीपाशी बसली आणि दोन्ही पिशव्या सोडल्या. निखाऱ्यावर बोंबील भाजले, नवशीच्या वालात सुक्या कोलंबीचे सोडे घातले, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. वास पाड्यावर पसरला आणि पाड्यातून माणसं आली. कुणी नाक धरून नाही, प्रत्येक जण काहीतरी हातात घेऊन. कुणी काकड्या, कुणी ताडीचा माठ. जानीने ब्रेडच्या चकत्या कोंबड्यांना टाकल्या. कोंबड्यांनी थोडा विचार केला आणि जाळ्याबाहेर निघून गेल्या.

दुपारभर माणसं शिडाच्या सावलीत पडून होती. स्वप्निल ताडीचा दुसरा पेला संपवून मिथुनला समजावत होता की हॉटेलात राहण्यात काही राम नाही, आम्ही मुद्दामच खळं निवडलं. मिथुन मान डोलावत होता. जयवंती नवशीबरोबर पाडा फिरून आली, विहिरीवरून, भाजीच्या वाफ्यावरून, वाटेत चार घरांत चहा पिऊन. परतली तेव्हा ती बोलत होती. सलग. तिच्या सुनांनी एकमेकींकडे बघितलं.

बुधवारी फाटक उघडलं तेव्हा रांगेत पहिली सोळा माणसं हंसाची होती, कारण निघताना तिने नवशीलाही लुगडं बदलायला लावलं होतं. “तीन वर्षं खालून बघतेस. वरून तुझं घर कसं दिसतं ते तरी बघ.” हाताला शिक्का मारून दुपारी जेवायला बाहेर जाऊन परत येता येतं, हे हंसाने तिकिटाच्या खिडकीवर तीनदा विचारून घेतलं. बाकी लोक आत वडापावच्या रांगेत उभे असताना हंसाची माणसं शेताच्या बांधावरून खळ्यात जाऊन पोटभर भात जेवून, हात पुसत परत आली. फाटकावरच्या रखवालदाराने दुसऱ्यांदा शिक्के तपासले आणि जरा जवळ येऊन विचारलं, “मावशी, बोंबील का? कुठे मिळतात?” हंसाने त्याला तलासरीच्या बाजारातली जागा सांगितली, आणि जानी मागे असल्यामुळे ती दोनदा सांगितली.

जेवणानंतर झुलणारी नाव. मोठी लाकडी दिसणारी, दोन्ही टोकांना उंच, आभाळापर्यंत वर जाणारी आणि तशीच झपकन खाली येणारी. चिमणने ती बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. “ही काय नाव. पोरांना बसवा.” तरी तो बसला, टोकाच्या बाकावर, तांडेलाच्या जागी. बायका मधल्या बाकांवर. इथे एक सांगायला हवं. या घरच्या बायका आयुष्य मासळीत काढतात, पण बोटीवर चढत नाहीत. ती पुरुषांची जागा. हंसाने पंचवीस वर्षं नवऱ्याची बोट किनाऱ्यावरून बघितली होती. जयवंतीच्या नवऱ्याची बोट तिने किनाऱ्यावरूनच पाहिली, शेवटपर्यंत.

नाव हलली. पहिल्या झोक्याला पोरी किंचाळल्या, दुसऱ्याला जानीने हंसाचा दंड धरला. चौथ्या झोक्याला टोकाच्या बाकावरून चिमणचा आवाज आला, तो कुणाला हुकूम देणारा नव्हता. “अरे थांबव. भाऊ, थांबव जरा.” तीस वर्षं ज्याला समुद्राने हलवलं नाही, त्याला तिथल्या मोटरने हलवलं. खाली उतरल्यावर तो एका कट्ट्यावर बसला आणि डोळे मिटून म्हणाला, याला पाणी पाहिजे होतं खाली, पाण्याशिवाय नाव चालवतात होय. स्वप्निलने त्याला लिंबूपाणी आणून दिलं. हंसा जवळच उभी होती.

“आई,” स्वप्निल तिला म्हणाला, “पुढच्या वेळी ताडपत्री दोन घेऊ. माणसं वाढतायत.”

हंसाने ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. असं वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावण्यात वेगळी चव असते. “काय म्हणालास?”

“दोन ताडपत्र्या घेऊ म्हटलं.”

“बघू,” हंसा म्हणाली, आणि जयवंतीला शोधायला लागली. माणसं मोजली तर एक कमी भरत होतं. धाकटी सून घाबरली. सासूबाईंना चक्कर तर आली नसेल. सगळे इकडेतिकडे बघू लागले.

जयवंती नावेच्या कठड्यापाशी उभी होती. पदर खोचलेला, केस सगळे उडालेले, चेहरा एखाद्या पोरीसारखा तापलेला. नाव चालवणाऱ्या माणसाला ती विचारत होती, “भाऊ, किती वाजेपर्यंत चालू असतं हे?”

“सहापर्यंत, मावशी.”

जयवंतीने मान वर करून उन्हाकडे बघितलं. “मग अजून पुष्कळ वेळ हाय,” असं म्हणून ती एकटीच पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली, टोकाच्या बाकासाठी.